हवेत आवळलेला बोल्ट

मीरा रोडच्या एका सोसायटीच्या गेटवरच्या वहीत माझ्या नावापुढे, येण्याचं कारण या रकान्यात, ‘ब्रश’ असं लिहिलेलं आहे. वॉचमननं विचारलं होतं, “क्या काम है?” मी म्हटलं, “बुश बदलना है.” त्यानं माझ्या दातांकडे एकदा नीट पाहिलं, “ग्यारह बजे?” असं विचारलं आणि लिहून टाकलं. मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. पस्तीस वर्षं या धंद्यात काढली, तरी बुश म्हणजे काय हे माझ्या सख्ख्या मेव्हण्याला अजून समजलेलं नाही, तिथं त्या बिचाऱ्याचं काय घेऊन बसायचं.

तेव्हा आधी ते सांगून टाकतो. गाडीचं चाक गाडीला थेट जोडलेलं नसतं. मध्ये एक लोखंडी हात असतो, त्याला आम्ही आर्म म्हणतो. चाक खड्ड्यात गेलं की हा हात खाली जातो, स्पीडब्रेकरवर चढलं की वर येतो. जिथं तो गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं जोडलेला असतो, तिथं लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून रबराची जाड कडी बसवतात. कडीच्या आतून एक लोखंडी नळी, बाहेरून एक लोखंडी नळी, मध्ये रबर. मूठभर वस्तू. तोच बुश. रबर सुकलं, चिरलं, फाटलं, की गाडी बोलायला लागते.

आणि गाडी काय बोलते हे सांगावं मराठी माणसानंच. बाकीची गिऱ्हाइकं ‘आवाज आ रहा है’ एवढं बोलून मोकळी होतात. मराठी माणूस मात्र कुरकुरते, कटकटते, धाडधाडते, खडखडते यांतला नेमका शब्द काढून देतो, आणि माझं अर्धं काम तिथंच होतं. कुरकुर म्हणजे रबर सुकलंय. धप्प म्हणजे ते फाटलंय. एका बाईंनी ‘गाडी कण्हते हो’ असं फोनवर सांगितलं आणि मी बघायच्या आधीच नवे बुश घेऊन गेलो. फसलो एकदाच. एकजण म्हणाले, खुळखुळते. मी दोन तास गाडीखाली लोळलो आणि शेवटी डिकीत गणपतीतले टाळ निघाले.

माझं गॅरेज घोडबंदरला होतं, हायवेला लागून. त्या जागेवर टॉवर यायचं ठरलं तेव्हा माझी साठी जवळ आली होती. बायको म्हणाली, आता घरी बसा. तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, कुठंतरी जा बाबा. मग हत्यारं एका जुन्या व्हॅनमध्ये भरली आणि घरी जाऊन काम करायला लागलो. बुशचं काम घरी होतं. गॅरेजात जुना बुश काढायला मोठा प्रेस असतो, माझ्याकडे हातभर लांब आट्यांचा बोल्ट आणि पाइपाचे पाच-सहा तुकडे आहेत. पाइप आर्मच्या एका बाजूला लावायचा, बोल्ट आरपार घालायचा आणि पाना फिरवत राहायचं. बुश दात काढल्यासारखा हळूहळू बाहेर येतो.

या घरपोच कामातलं माझं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे पाटणकर साहेब. बँकेतून निवृत्त झालेले, दादरची खोली सोडून मीरा रोडला आलेले, अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी व्हिडिओ बघून स्वतःच बुश बदलायला घेतले. आर्म खोलले, पण बुश काही निघेना. व्हिडिओतला माणूस म्हणाला, रबर जाळून टाका. त्यानं ते अंगणात जाळलं होतं. साहेबांना अंगण नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला गॅस पेटवला. वास सातव्या मजल्यापर्यंत गेला. मी पोचलो तेव्हा दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते आणि आत वहिनी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. “अहो, संकष्टी आहे आज,” त्या मला म्हणाल्या, “आणि याच शेगडीवर मला साबुदाणा करायचाय.” त्यात नवे बुश आकसावेत म्हणून साहेबांनी ते फ्रीजरमध्ये ठेवले होते, वड्यांच्या डब्यात. आदल्या दिवशी आलेल्या विहीणबाईंना वहिनींनी तो डबा उघडून पुढे केला होता.

मी हसलो नाही. म्हणजे त्यांच्यासमोर हसलो नाही. बुश बसवून दिले आणि आर्म लावायचं काम त्यांना करू दिलं, कारण त्यांची फार इच्छा होती. त्यांनी गाडी जॅकवर उचललेली असतानाच, चाक हवेत लोंबत असताना, सगळे बोल्ट दात-ओठ खाऊन आवळायला घेतले. तिथं मात्र मी त्यांना थांबवलं आणि चांगलं अर्धा तास झापलं.

म्हटलं, साहेब, हवेत बोल्ट नुसता लावून ठेवायचा. शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. कारण बोल्ट आवळला की बुशाची आतली नळी सांगाड्याला पक्की होते आणि बाहेरची आर्मबरोबर हलत राहते. मधल्या रबराला पीळ पडतो. लोंबत्या चाकानिशी आवळलंत, की गाडी खाली उतरताक्षणी रबर पिळलेल्या पंच्यासारखं होतं, आणि गाडी नुसती उभी असली तरी तसंच राहतं. वरून खड्डे. दोन महिन्यांत फाटतं. साहेबांनी हे सगळं डायरीत लिहून घेतलं, खाली माझं नाव आणि तारीख घातली.

हे इतक्या ऐटीत सांगतोय, कारण यापुढचं सांगायची मला लाज वाटते.

उत्तनचे आंतोनभाऊ माझे गॅरेजच्या दिवसांपासूनचे गिऱ्हाईक. तरुणपणी बोटीवर इंजिन सांभाळायचे, आता बोट पुतणे चालवतात आणि हे घरी. त्यांच्या पत्नी लुसीवहिनी. दोघंही सत्तरीकडे झुकलेली, मुलगी लग्न होऊन वसईला. वहिनींच्या कमरेचं दुखणं जुनं. मणक्यातली गादी झिजली, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरकडे भाईंदरला आठवड्यातून दोनदा जायचं, आणि गाडीचे पुढचे चारही बुश गेलेले. नाताळाच्या आधी आंतोनभाऊंनी मला बोलावलं. मी वहिनींना समजावलं की गाडीचीही गादीच झिजलीय. त्या म्हणाल्या, “मंग दोगींच्या एकदमच बदला, मिस्त्री. माजी पन काडा त्या पाइपानी.”

त्यांच्या अंगणात दुपारपर्यंत काम केलं. जुने बुश काढले, नवे बसवले, आर्म जागेवर चढवले. आता फक्त गाडी खाली घेऊन बोल्ट आवळायचे होते. पण गाडी खाली घेतली की खाली शिरायला जागा उरत नाही, म्हणून चारही चाकांखाली लाकडं घालावी लागतात, त्यात तासभर जातो. आणि नेमक्या त्याच वेळी वहिनी आत ताजे बोंबील तळत होत्या. उत्तनला ताजा बोंबील तळला जात असताना काम करून बघा एकदा. वहिनींनी हाक मारली, “मिस्त्री, जेवाया चला. गार झालं तं माज्याकडं यायचं न्हाय.”

मी विचार केला, बोल्ट ढिले सोडून उठायला नको, आता तसेच आवळून ठेवू, जेवून आलो की गाडी खाली घेऊन ढिले करू आणि पुन्हा आवळू. आवळले. जेवलो. किती बोंबील खाल्ले ते सांगत नाही. मग ओटीवर वारा लागला, डोळा लागला, उठलो तेव्हा पाच वाजत आले होते आणि आंतोनभाऊंनी मला मदत म्हणून चाकं चढवून, गाडी खाली घेऊन, धुऊनसुद्धा ठेवली होती. एक चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली. हात धुऊन घरी आलो. ते चार बोल्ट माझ्या डोक्यातून साफ निघून गेले होते.

दोन महिने झाले आणि गाडी पुन्हा धप्प वाजायला लागली. एकदा भाईंदरहून परत येताना मुर्ध्याच्या स्पीडब्रेकरवर ती अशी आपटली की वहिनी किंचाळल्या. दहा दिवस त्या खुर्चीतून उठू शकल्या नाहीत. उठल्या तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “मी न्हाय बसाची त्या गाडीन.” व्यायामाचे डॉक्टर बंद झाले. आंतोनभाऊंनी गाडीवर ताडपत्री घातली. मला दीड महिना कोणी कळवलंसुद्धा नाही.

मग एका गुरुवारी फोन आला. “मिस्त्री, गाडी परत बोलते,” आंतोनभाऊ म्हणाले. “आन यत्या रविवारी नातवाचा बाप्तिस्मा हाय वसईला. हिला न्यायचं हाय. डॉक्टर बोलला, चालंल, पन झटका नको.”

मी लगेच निघालो. गाडी उचलली, पुढची दोन्ही चाकं काढली आणि टॉर्च मारला. वाईट माल असता तर चार बुश चार तऱ्हांनी फाटले असते. हे चारही एकाच दिशेनं पीळ बसून, तिरके, सारखे फाटले होते. मला ओटी आठवली, वारा आठवला आणि न सोडलेले चार बोल्ट आठवले.

आंतोनभाऊ वाकून बघत होते. म्हणाले, “डुप्लिकेट माल आला आसंल तुमाला.”

“असेल,” मी म्हणालो.

एवढाच एक शब्द. पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही असं मी छातीठोकपणे सांगत आलो होतो, आणि ते असं एका शब्दात गेलं. हात धुवायला आत गेलो. वहिनी उंच पाठीच्या लाकडी खुर्चीत बसल्या होत्या, पाठीमागे दोन उशा. मला बघून म्हणाल्या, “तुमी मनाला लावून घेऊ नका, मिस्त्री. तुमचा काय दोष न्हाय. आताशा मालच तसा येतो.”

त्या चिडल्या असत्या तर मी कदाचित तसाच घरी गेलो असतो. पण त्यांनी मला समजून घेतलं, ते मला सोसवेना. मी तिथंच, ओले हात घेऊन, सगळं सांगून टाकलं. लाकडं घालायचा कंटाळा, हाक, बोंबील, ओटी, झोप, सगळं.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हंजे माज्या बोंबलांनी माजी कंबर मोडली?”

अंगणात आंतोनभाऊ इतक्या जोरात हसले की समोरच्या घरातून कोणीतरी डोकावलं. मलाही हसू आवरलं नाही. पण वहिनी हसत नव्हत्या.

“दीड म्हयना मी या खुर्चीन झोपतंय,” त्या म्हणाल्या. “आडवी व्हाया येत न्हाय मना. रातभर घड्याळ बगतंय. नातू माज्या मांडीवर द्यायचा हाय आन मना जाया येनार न्हाय. तुमी हसा.”

इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. हात काळे करायचा माझा धंदा, पण त्या दिवशी तोंड काळं झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी सातला मी अंगणात हजर होतो. नवे चार बुश आणले होते, आणि डबाही घरून आणला होता. वहिनींनी तो बघितला. दुपारी तीनपर्यंत बुश बसले, आर्म चढले, बोल्ट नुसते हातानं लावून ठेवले. आता लाकडं. बोट किनाऱ्यावर ओढताना खाली घालतात तसले चपटे, रुंद ओंडके आंतोनभाऊंच्या मागच्या पडवीत पडलेले होते. एकेक चाक उचलून खाली एकेक ओंडका सरकवला, चाकांना पुढून-मागून पाचर मारली आणि काही दगाफटका झालाच तर गाडी माझ्या छातीवर येऊ नये म्हणून खाली लोखंडी घोडीही उभी केली. गाडी स्वतःच्या चारही चाकांवर उभी, फक्त वीतभर उंच.

मग मी वहिनींकडे गेलो. “वहिनी, गाडीत येऊन बसा.”

“मी बोलली ना, न्हाय बसाची.”

“गाडीवर रोजचं वजन असताना बोल्ट आवळायचेत. आंतोनभाऊ बसतायत. तुम्ही बसल्याशिवाय मी आवळणार नाही.”

“वजन पायजे तं तांदळाची गोन ठेवा.”

“गोणी उद्या वसईला जाणार नाहीये,” मी म्हणालो.

खरं सांगायचं तर गाडी चाकांवर उभी असली की काम भागतं. दोन माणसांच्या वजनानं फार काही बिघडत नाही. पण चूक केली ती त्यांच्या पाठीमागे, निदान दुरुस्ती तरी त्यांच्या साक्षीनं व्हावी, असं मला वाटत होतं. वहिनींनी पाठीमागच्या उशा बाजूला केल्या. मग आंतोनभाऊंचा हात धरून उठल्या. अंगणात यायला त्यांना पाच मिनिटं लागली. एका स्टुलावर पाय ठेवून, कण्हत, देवाचं नाव घेत त्या पुढच्या सीटवर बसल्या.

मी खाली शिरलो. वर नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं, उद्या कोणती साडी नेसायची यावरून. भांडण म्हणजे जायचा विचार तरी आहे, असा अर्थ मी काढला. पहिला बोल्ट आवळला, दुसरा आवळला. वरून आवाज आला, “मिस्त्री, आवळला?”

“आवळतोय, वहिनी.”

“नीट आवळा. आज घरान काय शिजवलेला न्हाय.”

चारही बोल्ट आवळले. प्रत्येकावर खडूनं खूण केली आणि प्रत्येक खूण बाहेर येऊन पुन्हा आत जाऊन तपासली. त्या सगळ्या वेळात वहिनी उतरल्या नाहीत. गाडी खाली घेतल्यावर काच खाली करून म्हणाल्या, “उद्या सकाळी आठला या. आंगोळ करून, चांगले कपडे घालून.”

“मी कशाला?”

“बोल्ट ज्यानी आवळला त्यानी मागं बसाचा. कंबर दुकली तं मना तोंड कुनाचं दिसाया पायजे?”

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या सीटवर बसलो. नखांतलं ग्रीस काही निघालं नव्हतं. वहिनी पुढे, हिरव्या साडीत, दोन्ही हातांनी दाराची मूठ घट्ट धरून. आंतोनभाऊ असे सांभाळून चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. मुर्ध्याचा स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली. धप्प झालं नाही. मी श्वास सोडला. इतक्या वर्षांत शेकडो गाड्यांची चाचणी घेतली असेल, पण असं जीव मुठीत धरून कधी बसलो नव्हतो.

भाईंदर गेलं, मीरा रोड गेलं, हायवे लागला. खाडीचा पूल ओलांडताना माझं लक्ष वहिनींच्या हातांकडे गेलं. मूठ सुटली होती. हात मांडीवर पडले होते. मला आधी धस्स झालं, मग दिसलं, त्यांची मान खिडकीकडे कलली होती आणि पदर श्वासाबरोबर हलत होता. मी आंतोनभाऊंना विचारणार होतो, तेवढ्यात त्यांनी आरशातून माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. माझेही भरले, त्यात लपवायचं काय.

वसईत आम्ही अगदी वेळेवर पोचलो. चर्चच्या दारात मुलगी बाळाला घेऊन उभी होती, शेजारी जावई, आजूबाजूला नातेवाईक. गाडी दिसताच तिनं हात वर केला. आंतोनभाऊंनी गाडी थांबवली नाही. त्यांच्यासमोरून आम्ही तसेच पुढे गेलो, चर्चला एक वळसा घातला आणि परत दारासमोर आलो. मुलगी पायरी उतरून पुढे आली. आम्ही पुन्हा सरळ पुढे. दुसऱ्या वळशाला आंतोनभाऊंचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो झटकन माझ्या हातात दिला.

“पप्पा, अहो कुठं चाललात? फादर थांबलेत!”

“मी मिस्त्री बोलतोय,” मी अगदी हळू म्हणालो. “फादरना म्हणावं, थोडं थांबा. तुमची आई झोपलीय.”